पहिल्या बारीचा रिमोट गाडा

आमच्या जुन्नर-आंबेगावात घाट म्हटलं की परक्या माणसाला डोंगरातला वळणाचा रस्ता आठवतो. आम्हाला आठवतो तो गावाबाहेरचा चढाचा पट्टा. दोन्ही अंगांना मातीचे बांध, मधे भुसभुशीत माती, खाली जुंपायची जागा आणि वर निशाण. यात्रेला त्या पट्ट्यावर बैलगाडे पळतात. एका गाड्याला चार बैल, दोन गाड्याला जुंपलेले आणि दोन त्यांच्या पुढे. एकदा सोडला की गाडा वाऱ्यासारखा वर जातो, आणि त्याच्या एका धावेला बारी म्हणतात. गाड्यावर कुणी बसत नाही. सगळी करामत खाली उभं राहून चार उधळते बैल धरणाऱ्याची आणि नेमक्या क्षणाला ते सोडणाऱ्याची.

बोरी बुद्रुकच्या शिवाराला लागून कुकडीच्या काठी एक वाडी आहे. तिथल्या चैत्रातल्या यात्रेत पहिली बारी सावळाराम तात्यांच्या घराची. तिला घड्याळ लावत नाहीत की बक्षीस ठेवत नाहीत. ती नुसती मानाची बारी. ती वर पोचली, त्या घरच्या हातानं पहिला गुलाल उधळला गेला, की मग पुढचे शेदीडशे गाडे मोकळे. तात्यांच्या पणज्यापासून हे चालत आलेलं. पण या मानाला एक जुनी अटही होती. लागोपाठ तीन यात्रा घरचा गाडा घाटात उतरला नाही, तर मान पुढच्या घरी जायचा. पुढचं घर गेणभाऊंचं.

दोन यात्रा रिकाम्या गेल्या होत्या. लंपीच्या साथीत तात्यांचा पाखऱ्या बैल गेला. जोडीदाराविना हरण्या दावणीला नुसता उभा राहून झुरायला लागला, म्हणून त्याला घोडेगावच्या वरच्या अंगाला व्याह्यांच्या गावी भातखाचरं तुडवायला धाडला. मुलगा स्वराज चाकणला कंपनीत. घरी नवराबायको दोघंच, तात्या आणि सारजाबाई. शर्यतीचा बैल म्हणजे घरातलं तान्हं मूल. त्याचं करायला उमेदीची माणसं लागतात, आणि घरात तीच उरली नव्हती.

गेल्या दिवाळीला स्वराजनं तात्यांसाठी रिमोटवर चालणारी एक गाडी आणली. हातभर लांब, मागं जाड काटेरी चाकं, पुढं बारीक चाकं, खाली झुकलेलं नाक. तिला बग्गी म्हणतात. रिमोट बंदुकीसारखा. बोटानं घोडा दाबला की गाडी पळणार, बाजूचं चाकोलं फिरवलं की वळणार.

"तात्या, बैल न्हाई तर न्हाई. हिला पळवा," स्वराज म्हणाला होता.

सुरुवातीला तात्यांनी ती पेटीवर ठेवून दिली. मग एक दिवस खळ्यात पळवून पाहिली, आणि त्या दिवसापासून रोज. वाडीतली माणसं हसायची. तात्यांना त्याचं काही वाटत नसे. बैलवेड्या माणसाला पळणारं काहीतरी डोळ्यांपुढं लागतं.

फाल्गुन सरता सरता देवळात यात्रेची बैठक बसली. मानाच्या बारीचा विषय निघाला तसे गेणभाऊ पागोट्याचं टोक सावरत म्हणाले, "तिसरं साल हाय. सावळाराम, गाडा उतरतोय का न्हाई ते सांग. का ती पोराची गाडी सोडतोस घाटात?"

देवळातला खांबही हसला असेल, एवढा हशा झाला. तात्या हसण्यात सामील झाले नाहीत. हशा विझेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "सोडतो."

"काय सोडतो?"

"तीच गाडी. गेणभाऊ, आपल्या गाड्यावर कोण बसतं का?"

"न्हाई बसत."

"हिच्यावरबी कोण बसत न्हाई. गाडा घरचा पायजे, सोडणारा हात घरचा पायजे, अन् गाडा निशाणापत्तूर पोचला पायजे. ह्यापरीस दुसरी काय अट असंल तर सांगा."

दुसरी अट कुणालाच आठवेना. बराच वेळ खल झाला. कुणी म्हणालं देवाची थट्टा होईल, कुणी म्हणालं बैल नसण्यापेक्षा बरं. शेवटी ठरलं, गाडी चालेल. मात्र एकदा सुटल्यावर तिला हात लावायचा नाही. मधेच अडकली किंवा कलंडली, तर मान त्याच घटकेला गेणभाऊंच्या घरी.

"चढाची माती मीच फणून घेणार हाय औंदा," गेणभाऊ उठता उठता म्हणाले. "चांगली भुसभुशीत."

दुसऱ्या दिवसापासून तात्या नदीकाठी जाऊ लागले. कुकडीच्या त्या काठाला मातीच्या थरांमध्ये पांढरट, पिठासारखी राख आहे. पुण्याची शिकलेली माणसं येऊन पिशव्या भरभरून ती नेतात. म्हणतात, हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी ज्वालामुखीतून उडून आली. तात्यांना त्या राखेचं एवढंच ठाऊक की तिच्यात चाक ठरत नाही. जी गाडी इथला चढ चढेल, ती घाटात अडणार नाही.

बग्गी चढेना. खालून सुसाट निघायची, निम्म्यात पोचायची आणि तिचं नाक वर उचलायचं. तात्यांनी लगेच ताडलं. गाडी उलार झाली! बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उठतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशा वेळी भरणी पुढं सरकवायची, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. तात्यांनी बॅटरी सोडवली, पार नाकाशी नेली, सुतळीनं करकचून बांधली. वर शिशाचा एक तुकडाही चिकटवला.

आता नाक उचलेना. पण गाडीही हलेना. मागची चाकं जागच्या जागी गरगरायची, राख उडवायची, आणि खड्डा करून त्यातच बसायची. तात्यांनी आणखी वजन पुढं टाकलं. गाडी आणखी बसली. आठ दिवस हेच चाललं.

शेवटी ते नारायणगावला भरतकडे गेले. भरत मोबाईल दुरुस्त करायचा, औषध फवारायचे ड्रोनही दुरुस्त करायचा, आणि त्याच्या दुकानात मागच्या फळीवर अशा चारपाच गाड्या होत्या. त्यानं बग्गी उलटीसुलटी करून पाहिली.

"तात्या, बॅटरी पुढं कुणी बांधली?"

"म्या. उलार व्हत व्हती."

भरतला हसू आवरेना. "अवो, बैल पुढनं वढतात. हिला पुढनं कोण वढतंय? ही टू व्हील. हिची मागची दोनच चाकं जोर लावतात, मागनं ढकलतात. तुमी ढकलणाऱ्याच्या पाठीवरचं वजन काढून घेतलं, मग त्यानं पाय कशात रोवायचे?"

 तात्या स्वतःच्याच गुडघ्यावर थाप मारून हसले. पन्नास वर्षं बैल धरलेल्या माणसाची चूक होती ती, दुसऱ्या कुणाकडून झाली नसती.

भरतनं बॅटरी मागं घेतली, शिशाचा तुकडा तेवढा नाकाशी राहू दिला, म्हणजे नाक उचलणार नाही. मग फळीवरून दुसरी गाडी काढली. थोराड, चारी चाकं सारखी जाड, पोट जमिनीपासून चांगलं वर. "ही फोर व्हील. ट्रॅक्टरचं बगा ना. साधा चिखलात रुततो तितं चारी चाकं जोर लावणारा निघून जातो. तसंच. घाटासाठी मला इचाराल तर हीच."

"मग ही आणलीच कशाला पोरानं?" तात्यांनी बग्गीकडे बोट केलं.

"टू व्हील वाईट न्हाई वो. हलकी, चपळ. आत दातेरी चाकं कमी, म्हंजे मोडायला बी कमी. बॅटरी जास्त येळ पुरते. अन् मजा तिच्यातच. जरा बोट जास्त दाबलं का शेपूट फेकते, कमी दाबलं का अडते. फोर व्हील जड. धूळ गेली का दुरुस्तीला डोकं खाते, वळायला जागा मागते. पण चुकलं तर सांभाळून घेते. टू व्हीलला हात लागतो तात्या. एकदम निवांत हात."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत मुरमाचा ढीग होता. तात्यांनी फोर व्हीलचा घोडा दाबला. ती ढिगावर चढली, उतरली, परत चढली. घाई नाही, दमछाक नाही, भाताच्या खाचरातून रेडा निघावा तशी.

"घिऊन जा," भरत म्हणाला. "बग्गी मला द्या, ही तुमी घ्या. अदलाबदल. माझ्याकडं बग्गीला गिऱ्हाईक हाय."

तात्यांनी रिमोट खाली ठेवला. "ही तर कुनीबी चढवील, भरत. सोडणाऱ्या हाताचा मान असतो तो." असं म्हणून बग्गी काखेत मारून ते एसटीला लागले.

ते बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण सगळं खरंही नव्हतं.

तरण्या वयात तात्यांच्या हाताची पंचक्रोशीत ख्याती होती. चार बैल, चारी पिसाळलेले, हलगी कडाडतेय, गाड्यापुढं पळायची घोडी फुरफुरतेय, आणि तात्यांचा उजवा हात मागच्या जोडीच्या जुवावर अलगद टेकलेला. बैलांच्या अंगातली शिरशिरी त्या हाताला कळायची. चौघांची एक होईपर्यंत तो हात वाट पाहायचा आणि मग उठायचा. दूरदूरचे गाडामालक त्यांना बोलावणं धाडायचे. नुसतं त्या हाताला.

गेल्या आखाडापासून तो हात कापत होता. आधी एक बोट, मग मनगट. घोडेगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की कमी व्हायचा, थांबत नसे. तात्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. चारचौघांत ते उजवा हात बंडीच्या खिशात ठेवत, आणि लोकांना तो रुबाब वाटे.

बॅटरी मागं गेल्यावर बग्गी नदीकाठचा चढ चढायला लागली, पण मनाला येईल तेव्हा. कधी सरळ वर, तर कधी मधेच शेपूट फेकून आडवी. तात्या टायरला दोष देत, राखेला देत, वाऱ्यालासुद्धा देत. यात्रा पाच दिवसांवर आली तेव्हा सारजाबाई कांदा काढणीतून उसंत काढून काठावर येऊन बसल्या. तात्यांनी गाडी दहा वेळा सोडली. सहा वेळा चढली, चार वेळा फिरली.

"दहात चार," सारजाबाई म्हणाल्या.

"टायर गुळगुळीत झालंत."

"टायरला काय न्हाई झालं." त्या उठून जवळ आल्या, रिमोट धरलेल्या त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. "सोडा आता."

गाडी निघाली. राखेवर एक सरळ रेघ ओढत, शेपूट न हलवता, वर जाऊन थांबली.

तात्यांनी सारजाबाईंची मूठ झटकली. "तुला कवा कळलं?"

"गणपतीपासनं तुमचा च्या अर्धा कप भरती मी. तुमाला वाटलं दूध कमी झालंय?"

नदीपलीकडे कुणाची तरी पाण्याची मोटार चालू झाली. तात्यांनी तिकडं तोंड फिरवलं.

"भरतकडं चारी चाकाची हाय," ते म्हणाले. "तिला हात हालला तरी चालतो म्हनं."

"मग आना की."

"सारजे, लोक काय म्हनतील? सावळारामाला निवांत हात ऱ्हायला न्हाई म्हनून जड गाडी आनली. ज्या हातानं..."

"मान घराचा हाय," सारजाबाई म्हणाल्या. "तुमच्या बोटाचा न्हाई. तुमच्या आज्याला गुडघं दुखायचं तवा दोन गडी काखंत धरून त्यांना घाटात न्यायचं, सासूबाई सांगायच्या. त्येनी काय मान गेला व्हय?" आणि राखेत माखलेली बग्गी उचलून पदरानं पुसत त्या वाटेला लागल्या.

 दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या नारायणगावची पहिली एसटी धरायला निघाले. स्टँडवरूनच स्वराजला फोन लावला.

"तुझी बग्गी देऊन दुसरी घेतोय. चारी चाकाची. इचारायला फोन केला."

"तात्या, ती तुमची हाय. मला काय इचारता? पण बग्गीला काय झालं?"

"बग्गीला काय न्हाई. माझा हात हालतोय."

"हात? कवापासनं? तात्या, दवाखान्यात..."

"एसटी आली. काय आयकू येत न्हाई बग," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. एसटी यायला अजून चांगला पाव तास होता.

भरतपुढे मात्र त्यांनी काहीच लपवलं नाही. हात खिशातून काढला आणि काऊंटरवर ठेवला. काच बारीक थरथरली.  भरतनं फोर व्हीलचा रिमोट उघडून काहीतरी खटपट केली, घोडा कितीही दाबला तरी गाडी निम्म्याच वेगानं जाईल असं केलं, चाकोल्याचा हिसकाही कमी केला. "पळणार न्हाई," तो म्हणाला, "पण चालत जाईल. अन् अडली तर जोर करू नका. बोट सोडा, हातभर मागं घ्या, मग परत."

यात्रेच्या दिवशी घाटाच्या दोन्ही बांधांवर माणूस मावत नव्हता. लाऊडस्पीकरवाला गळा फाडून ओरडत होता. गेणभाऊंनी माती खरंच मनापासून फणली होती, आणि चढाच्या वरच्या अंगाला नारळाएवढाली ढेकळंही राहू दिली होती. तात्यांनी गाडी रेषेवर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि रिमोट घेऊन घाटाच्या मध्यावर बांधावर चढले. तिथून खालची रेषाही दिसे आणि वरचं निशाणही.

"गाडा बदललास का रं?" गेणभाऊंनी पलीकडच्या बांधावरून हाळी दिली. "घरचा पायजे, ठरलं व्हतं!"

"बाजारात बैलाची अदलाबदल केली तर आनलेला बैल कुनाचा म्हनतोस?"

"घरचाच."

"मग झालं."

हलगी वाजली. तात्यांनी डावा हात उजव्या मनगटाखाली घेतला, दोन्ही हात सगळ्या यात्रेसमोर उघडे धरले आणि घोडा दाबला.

गाडी निघाली. डोळ्याचं पातं लवण्याआत गाडा वर पाहायची सवय लागलेली माणसं. त्यांना ही चाल बघवेना. "आरं, हिला वैरण घाला!" कुणी ओरडलं. "तात्या, यात्रा आजच्या आज उरकायची हाय!" हशाच्या लाटा दोन्ही बांधांवरून येत होत्या. तात्यांचं बोट थरथरत होतं. त्या थरथरीनं गाडी किंचित अडखळायची, पण तिरकी होत नव्हती. मागची चाकं रुतली की पुढची ओढत होती, पुढची घसरली की मागची रेटत होती. निम्मा चढ सरला तसा हशा ओसरत गेला.

वरच्या अंगाला ढेकळं आली. एकावर पुढचं डावं चाक चढलं आणि अधांतरी राहिलं. बाकीची तीन फिरली, मातीत रुतायला लागली. गाडी थांबली.

"अडली!" कुणीतरी ओरडलं.

 तात्यांच्या बोटाला वाटत होतं, दाबावं, अजून दाबावं. त्यांनी बोट सोडलं. गाडी हातभर मागं घेतली.

"मागं आली! मागं आली!" गेणभाऊंच्या बाजूची पोरं नाचायला लागली. गेणभाऊंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "मागं येऊ नये असं न्हाई ठरलं. हात लावायचा न्हाई, एवढंच ठरलंय. गप ऱ्हावा."

तात्यांनी चाकोलं जरासं फिरवलं, ढेकूळ डावीकडे टाकलं आणि घोडा पुन्हा दाबला. मुंगीच्या पावलानं, माती मागं सारत, गाडी दोन ढेकळांच्या मधून निघाली. शेवटचे दहा हात ती चढली तेव्हा बांधावरच्या बाया उभ्या राहिल्या होत्या. निशाणाच्या काठीला तिचं नाक टेकलं आणि हलगीवाल्यानं हलगी फुटेल अशी वाजवली.

तात्या बांधावरून उतरून वर पोचेपर्यंत गेणभाऊ गुलालाचं पोतं उघडून उभे होते. रिवाज असा की पुढच्या घरानं मानकऱ्याच्या ओंजळीत गुलाल घालायचा. तात्यांनी ओंजळ पुढं केली. ती कापत होती. घातलेला गुलाल बोटांच्या फटींतून त्यांच्या पायांवर, पांढऱ्या धोतरावर सांडत राहिला. तात्यांनी हात मागं घेतले नाहीत.

 गेणभाऊंनी दुसरी मूठ घातली आणि आपले दोन्ही हात तात्यांच्या ओंजळीखाली धरले.

"कवापासनं हे?"

"आखाडापासनं."

"बोलायचं न्हाईस मग?"

"बोललो असतो तर मान सोडला असतास?"

गेणभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "मान कसा सोडंन? पर ती ढेकळं फोडली असती."

दोघांच्या चार हातांनी ओंजळ उचलली गेली आणि गुलाल उडाला. खाली लाऊडस्पीकरवाल्यानं दुसऱ्या बारीचं नाव पुकारलं. तात्यांनी वाकून गाडी काखेत घेतली आणि घाट मोकळा केला.